वय किती लिहू?

१९२९ च्या सप्टेंबरअखेर मध्यवर्ती कायदेमंडळाने बालविवाह प्रतिबंधक कायदा मंजूर केला. अजमेरच्या हरविलास सारडांनी तो मांडला होता, म्हणून लोकांच्या तोंडी तो ‘सारडा कायदा’च राहिला. मुलीला १४ आणि मुलाला १८ वर्षं पुरी झाल्याशिवाय लग्न लावणं हा गुन्हा ठरला. अंमल मात्र १ एप्रिल १९३० पासून सुरू होणार होता. मधले सहा महिने लोकांनी नव्या रिवाजाची तयारी करावी, असा सरकारचा हेतू असेल. लोकांनी तयारी केली, पण ती उलट्या बाजूने. देशभर लग्नांची झुंबड उडाली. ज्यांना बोहल्यावर धड उभंही राहता येत नव्हतं, अशा मुली वडीलधाऱ्यांच्या कडेवर बसून कुणाच्या तरी सुना झाल्या. १९३१ ची शिरगणती झाली तेव्हा पंधरा वर्षांखालच्या विवाहित मुलींचा आकडा दहा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा कितीतरी लाखांनी फुगलेला निघाला. मुलींना वाचवायला निघालेल्या कायद्याने निदान पहिल्या झटक्यात तरी मुलींना अधिकच घाईने बोहल्यावर चढवलं.

कायद्यालाही दात कमीच होते. पोलिसाने आपण होऊन हात घालायचा नाही. कुणी तरी न्यायाधीशापुढे फिर्याद द्यायची, तीही लग्न झाल्यापासून वर्षाच्या आत, आणि फिर्याद खोटी ठरल्यास भरपाई म्हणून शंभर रुपयांपर्यंतचा जामीन आधी द्यायचा. गावात राहून शेजाऱ्याच्या मुलीसाठी शंभर रुपये अडकवणारा माणूस कुठून आणायचा? शिवाय गुन्हा शाबीत झाला तरी लग्न मोडत नव्हतंच. संस्थानांत हा कायदा लागू नव्हता, आणि मराठी मुलखात तर चार कोस चाललं की कुठल्या ना कुठल्या संस्थानाची हद्द लागे. (बडोद्यात सयाजीरावांनी १९०४ सालीच स्वतःचा कायदा केला होता, ही गोष्ट वेगळी.)

हे सगळे अडथळे पार करून एखादा खटला उभा राहिला, तरी खरी पंचाईत पुढेच होती. मुलगी १४ वर्षांची नाही, हे सिद्ध कसं करायचं? अमरावतीचे सर मोरोपंत जोशी ज्या संमतिवय समितीचे अध्यक्ष होते, तिच्यापुढेही हाच प्रश्न होता. वयावर कायदा बांधायचा, आणि देशातल्या बहुतेक मुलांना वयच नाही!

वय नाही म्हणजे कागदावर नाही. ब्राह्मणाच्या, सावकाराच्या, बऱ्या स्थितीतल्या घरी जन्मपत्रिका असे. तिच्यात तिथी, नक्षत्र, घटका आणि पळंसुद्धा लिहिलेली असत. मुंज आठव्या वर्षी करायची म्हणून वर्षं मोजणं तिथे भागच होतं. त्याच गावच्या दुसऱ्या टोकाला मूल मानमोडीच्या साथीत झालेलं असे, किंवा विहिरीला पाणी लागलं त्या सालचं. सरकारी नोंद म्हणाल तर गावचा कोतवाल जन्म-मृत्यू टिपत असे. पण या मोडीतल्या कोतवाल बुकात बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढाच मजकूर. बारसं व्हायच्या आत नोंद होऊन गेलेली, त्यामुळे मुलाचं नाव तिथे सहसा नसेच. एकाच घरात तीन वर्षांत तीन मुलगे नोंदलेले असले आणि त्यांतला एकच जगला असला, तर तो कुठला, हे ते बुक सांगू शकत नाही.

त्यात निष्काळजीपणा होता असं मी म्हणणार नाही. देवी, गोवर, हगवण यांतून मूल पार पडेपर्यंत त्याच्या जगण्याचा भरवसा कुणी धरत नसे. दृष्ट लागू नये म्हणून त्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा असं ठेवायचं, सटवाईला नवस बोलायचा. अशा घरी वर्षं मोजून ठेवणं म्हणजे दैवाला डिवचणंच. आणि मोजायची गरज तरी कुठे होती? मूल किती मोठं झालं ते त्याच्या हातातल्या कामावरून कळे. कडेवर धाकटं भावंड पेलता येतं, शेरडं राखता येतात, गुरं वळता येतात, मोट हाकता येते. एकेका कामाबरोबर पोर वाढत जाई.

मुलींच्या बाबतीत मोजमाप आणखी ढोबळ होतं. परकर-पोलक्यात आहे तोवर लहान, लुगडं नेसली की मोठी. मध्ये काही नाही. १८९१ मध्ये संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेली तेव्हा पुण्यात केवढं रण माजलं होतं, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या वादात दोन्ही बाजूंचे लोक शास्त्रं काढून भांडले. दहा आणि बारा यांच्या मधल्या वर्षांत मुलगी करते काय, हे मात्र कुणी फारसं विचारलं नाही. सारडा कायद्याने, आणि खरं सांगायचं तर त्याहून अधिक शहरांतल्या महागाईने व हुंड्याने, हे मधलं अंतर वाढवलं. लग्न लांबलं आणि पांढरपेशा घरांत एक नवीनच माणूस दिसू लागलं. ती पंधरा-सोळा वर्षांची, अविवाहित, दोन वेण्या घालून हायस्कुलात जाणारी मुलगी. आजी तिला घोडनवरी म्हणे, आई तिच्यासाठी स्थळं पाही, आणि ती स्वतः मैत्रिणीकडून आणलेली कादंबरी उशीखाली लपवी. कुमारावस्था म्हणून पुढे मानसशास्त्राच्या पुस्तकांतून जिचं एवढं वर्णन झालं, ती आपल्याकडे अशी लग्नाच्या बाजारातल्या दिरंगाईतून आली. शेतमजुराच्या मुलीला ती त्या पिढीत मिळालीच नाही.

अनुताई वाघ यांचं आयुष्य या सगळ्याला छेद देऊन जातं. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. सारडा कायद्याला तेव्हा अजून सहा-सात वर्षं होती. विधवा मुलीचं बालपण संपलेलं असे, आणि तारुण्य सुरू व्हायची मनाई असे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्याच्या हुजूरपागेत बरीच वर्षं शिकवलं. त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

गिरणीला मात्र वय हवं होतं. १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी केली. सात, हा आकडा पुन्हा वाचावा! १८९१ मध्ये तो नऊ झाला, १९२२ मध्ये बारा, आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये चौदा. सरकारी डॉक्टर पोराकडे पाहून, अंगकाठीचा अंदाज घेऊन दाखला देई. गिरणगावातल्या पोराचं पहिलं अधिकृत वय हे असं त्याच्या शरीराकडे पाहून ठरे, आणि ते ठरवण्यामागे प्रश्न एकच असे: याला किती तास राबवता येईल? १९३४ च्या कायद्याप्रमाणे बारा ते पंधरा वयाच्या मुलांना दिवसाला पाच तास. अर्धपोटी पोराची वाढ खुंटलेली असली तर वय कमी भरायचं. मग आई-बाप डॉक्टरपुढे दोन वर्षं वाढवून सांगायचे. हीच आई आगगाडीत मुलाचं वय दोन वर्षांनी उतरवी, कारण बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट होतं. तिला लबाड म्हणण्यात अर्थ नाही. सरकारने ज्या खिडकीवर जे वय मागितलं ते तिने दिलं.

कारखान्याबाहेरची मुलं तर या हिशेबातही नव्हती. १९३८ च्या कायद्याने विड्या वळणं, गालिचे विणणं, आगपेट्या करणं अशा ठरावीक धंद्यांत बारा वर्षांखालची मुलं ठेवायला बंदी केली. पण मालक आपल्या कुटुंबाच्या मदतीने धंदा करत असेल तर त्याला सूट. सिन्नरला, निपाणीला, कामठीला विडी घरोघर वळली जात होती. आई सुपात तंबाखू घेऊन बसे, पोरं पानं कापत आणि विडीचं तोंड बंद करत. ते कुटुंबच होतं, त्यामुळे कायदा उंबरठ्यावरून परत फिरे.

शिक्षेचीही वयाची कलमं होती. १९०९ च्या कायद्यानुसार सोळा वर्षांखालच्या गुन्हेगाराला तुरुंगाऐवजी छडीचे फटके मारता येत. बेचाळीसच्या चळवळीत शाळकरी पोरं रस्त्यावर आली तेव्हा सरकारला या कलमाची आठवण होणं साहजिक होतं. पण गोळीला वय विचारायची सोय नसते. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारात मुलांच्या मिरवणुकीवर गोळीबार झाला, त्यात शिरीषकुमार मेहता हा पंधरा वर्षांचा मुलगा आणि लालदास, धनसुखलाल, शशिधर, घनश्याम हे त्याचे साथी गेले. शिरीषकुमारच्या हातात तिरंगा होता. जो मुलगा सारडा कायद्याने नवरदेव व्हायला अजून तीन वर्षं लहान होता, तो राज्याच्या दृष्टीने बंदूक रोखण्याइतका मोठा ठरला. पुढे आपण त्याला बाल हुतात्मा म्हणू लागलो. पुण्यतिथीच्या भाषणांत हे पोरगं इतकं उंच होतं की त्याची शाळा, त्याचं घर, सगळं दिसेनासं होतं.

१९४५ हे साल तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या टोकात दोन कारणांसाठी लक्षात राहावं. मे महिन्यात झरी इथे वारल्यांची परिषद भरली आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचं बंड उभं राहिलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला आणि जेठ्या गांगड पडला. त्याच वर्षी, त्याच पट्ट्यात, बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. बंडाचा आणि बालवाडीचा रस्ता एक नव्हता, पण ज्या झोपड्यांत दोघांना शिरावं लागलं त्या एकच होत्या. लग्नासाठी सावकाराकडून काढलेले पैसे फेडता फेडता नवरा-बायको जन्मभर त्याच्या दारात राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. ज्याच्या बापाचं लग्नच गहाण पडलेलं, त्या मुलाच्या बालपणावर पहिला हक्क जमीनदाराच्या गुरांचा होता.

ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. प्रार्थना समाजाच्या वातावरणात वाढलेल्या, १९१४ च्या पदवीधर. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीचा भारतीय अवतार घडवला होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापला, मग ‘शिक्षणपत्रिका’ चालवली आणि मुंबईत दादरला शिशुविहार. तोवरचं सगळं काम मुख्यतः मध्यमवर्गीय मुलांचं. माँटेसरीची साधनं, ती चकचकीत लाकडी ठोकळ्यांची, दट्ट्यांची महागडी पेटी, एखाद्या खेड्याला वर्षभराच्या खर्चाइतकी पडली असती. गांधीजींनी खेड्यांकडे जा म्हटलं होतं. ताराबाई गेल्या, आणि पेटी मागे राहिली. समुद्रकाठच्या शंख-शिंपल्यांनी, बियांनी, पानांनी, खड्यांनी मोजणं आणि रंग-आकार शिकवणं सुरू झालं. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात भेटलेल्या अनुताई वाघ त्याच वर्षी हुजूरपागेतली नोकरी सोडून त्यांच्याबरोबर गेल्या.

पण मुलं येतच नव्हती. भीती हे एक कारण. बाहेरून आलेला कपडेवाला माणूस म्हणजे सावकार, जंगलखात्याचा नाकेदार किंवा पोलीस, हा पिढ्यांचा अनुभव. दुसरं कारण ताराबाईंनी पाड्यावर बसून पाहिलं. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येऊ शकत नव्हती, कारण तिच्या कडेवर वर्षाचं भावंड होतं. भावंडाला ती खाली ठेवू शकत नव्हती, कारण आई गवत कापायला गेलेली. आणि नऊ वर्षांचा मुलगा गुरांमागे.

त्यांनी यावर जे उत्तर काढलं ते मला त्या काळातल्या सगळ्या समित्या-अहवालांहून शहाणं वाटतं. शाळा ही वयाप्रमाणे पोरांची चळत लावणारी गोष्ट आहे, हे त्यांनी बाजूला ठेवलं. मुलं येत नसतील तर पाड्यावरच्या एखाद्या अंगणात बालवाडी भरवायची, तीच अंगणवाडी. आधी मुलांना न्हाऊ घालायचं, केस विंचरायचे, नखं कापायची, मग गाणी आणि गोष्टी. पुढे डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर काम हललं तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून त्यांनी त्याला विकासवाडी म्हटलं. कडेवरचं भावंड पाळणाघरात, मधलं बालवाडीत आणि थोरली मुलगी वर्गात. मुलीला शिकवायचं तर तिच्या कडेवरचं ओझं आधी उतरवलं पाहिजे, इतकी ही साधी गोष्ट. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरताहेत तिथेच, झाडाखाली, मुलाला कामावरून न उठवता.

या कुरणशाळेवर टीका करता येते. मुलाच्या हातातली काठी काढून घ्यायच्या ऐवजी ती तशीच ठेवून शिकवणं म्हणजे बालमजुरीशी तडजोड नव्हे का? आहेच. जमीनदाराची गुरं कुणी वळायची हा प्रश्न परुळेकरांच्या लाल बावट्याने विचारला. बालवाडीने तो विचारला नाही. पण बावट्याखाली माणसाला वेठ नाकारायला शिकवत होते तेव्हा त्याच्या चार वर्षांच्या मुलीकडे पाहायला कुणी थांबलं असेल, तर ते या दोन बायकाच.

इकडे उरलेल्या महाराष्ट्रात बालपण शाळेच्या हजेरीपटावर चढू लागलं होतं. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१७ मध्येच सक्तीचा हुकूम काढला होता. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने सातारा भागात गावोगावी शाळा काढल्या. १९४७ मध्ये मुंबई सरकारचा नवा प्राथमिक शिक्षण कायदा आला आणि १९५० मध्ये राज्यघटनेने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचं शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असं म्हटलं. दहा वर्षं संपली, प्रयत्न चालू राहिला. पण खेड्यापाड्यांतून पोरं शाळेत येऊ लागली हे खरं. जूनमध्ये मास्तर घरोघर फिरत, मुलाला ओढून आणत, आणि दाखल रजिस्टरपुढे बसून विचारत, ‘काय रं बाबा, पोराचं वय किती लिहू?’

बापाला ते ठाऊक नसे. मग मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला तर पोर सहा वर्षांचं, नाही लागला तर पुढच्या वर्षी घेऊन ये. कान तर धरला, पण रजिस्टरात जन्मतारखेचा रकाना रिकामा ठेवायला साहेबांची मनाई. शाळा जूनमध्ये सुरू होते, त्या दिवशी सहा पुरी हवीत. म्हणून मास्तर हिशेब करून एक जून लिहीत. वर्षामागून वर्ष, गावामागून गाव, एक जून. मास्तर फार दूरदृष्टीचे असले तर साल एखाद्याने पुढे ढकलत; पोर उद्या सरकारी नोकरीत लागलं तर वर्षभराचा पगार जास्त मिळेल. मास्तर स्वतः सातवी फायनल करून नोकरीला लागलेले, त्यांना या तारखेची किंमत चांगली माहीत होती. मॅट्रिकच्या, आणि १९४९ पासून एस. एस. सी.च्या प्रमाणपत्रावर हीच तारीख उतरत असे आणि मग ती ब्रह्मदेवालाही बदलता येत नसे. रजिस्टरात नावही सुधारून लिहिलं जाई. घरून आलेला दगडू शाळेत दत्तात्रय होई.

याच वर्षांत पुस्तकांतलं मराठी बालपण मात्र अगदी नीटनेटकं होत गेलं. वासुदेव गोविंद आपट्यांचा ‘आनंद’ १९०६ पासून होताच, १९५२ मध्ये मराठी ‘चांदोबा’ आला. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ १९३५ मध्ये निघालं होतं. १९५३ मध्ये अत्र्यांनी त्याचा चित्रपट केला आणि त्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. कोकणातल्या, परिस्थितीने खाली आलेल्या ब्राह्मण घरातलं ते बालपण सगळ्या महाराष्ट्राने आपलं म्हणून स्वीकारलं. त्याबद्दल तक्रार करायचं कारण नाही. पण श्यामला त्याची आई संस्कार देत होती, त्याच काळात निपाणीच्या पोराला त्याची आई विडीचं तोंड बंद करायला शिकवत होती, आणि ते पोर अजून कुठल्याच पाठ्यपुस्तकात आलं नव्हतं.

१९४९ मध्ये सारडा कायद्यातलं मुलीचं वय पंधरा झालं, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तेच कायम केलं, १९७८ मध्ये ते अठरावर गेलं. कायद्याला आता कोतवाल बुकाची तेवढी गरज उरली नव्हती. शाळेचा दाखला होता. लग्न, नोकरी, बढती, कर्ज, सगळीकडे मास्तरांनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख चालली. पुढे ही मुलं तलाठी झाली, मास्तर झाली, एस. टी.त, पाटबंधारे खात्यात, जिल्हा परिषदेत लागली. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, असा नियम आहे. त्यामुळे महाराष्ट्रात दर ३१ मेला कचेऱ्या रिकाम्या होण्याची जी पद्धत पडली, तिच्यामागे कुणी मोठं धोरण शोधू नये. थोरल्याला गुरांमागून आणि धाकट्याला अंगणातून उचलून मास्तरांनी एकाच दिवशी शाळेत घातलेलं असलं, तर दोघे सख्खे भाऊ कागदावर जुळे होत आणि एकाच ३१ मेला नारळ-शाल घेऊन घरी येत.